१९३१ ची जनगणना विकणाऱ्यापासून सावध राहा

इंग्लंडमधल्या जनगणनेच्या आणि चर्चच्या नोंदींवरून घराण्याचा इतिहास शोधून देतो, असं सांगणाऱ्या एका इसमाने आम्हाला १,८३५ पौंडांचा गंडा घातला. रुपयांत दोन लाखांच्या वर. पैसे गेले ते गेलेच, पण सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळ्या गोतावळ्यासमोर जे पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं ते खोटं निघालं, ही लाज कशी भरून निघायची? बरेच दिवस मी कुणापाशी बोलले नाही. आता लिहिते आहे, कारण त्या माणसाचा धंदा अजून जोरात चालू आहे आणि इथे इंग्लंडमध्ये आपल्या लोकांत इंग्रज जावई-सुना काही कमी नाहीत.

माझा नवरा लिंकनशर काउंटीचा, म्हणजे इथल्या एका जिल्ह्याचा. त्याचे पूर्वज स्पाल्डिंगच्या आसपासच्या, दलदल उपसून शेतीखाली आणलेल्या मुलखात शेतमजुरी करायचे, एवढंच घरात ठाऊक. माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्र्यंबकेश्वरला गेलं की आमचे तीर्थोपाध्याय वही उघडून आजोबांच्या आजोबांचं नाव वाचून दाखवतात. मुलांना एका बाजूच्या सात-आठ पिढ्या तोंडपाठ आणि दुसऱ्या बाजूला पणजोबांच्या पलीकडे काहीच नाही, हे मला खटकायचं. म्हणून वाढदिवसाची भेट ही द्यायची असं मी ठरवलं. हौस होती, प्रेम होतं, आणि त्याच्यावरच त्या माणसाने हात मारला.

थोडं थोडं पुढे नेत पैसे काढायची रीत सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ती कहाणी लांबवत नाही. आकडे मात्र सांगते. पहिला टप्पा, म्हणजे १८३७ पर्यंत मागे जायचं, त्याचे १९५ पौंड. जन्म-विवाह-मृत्यूचे १४ दाखले, प्रत्येकी २५ प्रमाणे ३५०. '१९३१ च्या जनगणनेचा खास प्रवेश', १२०. १८३७ च्याही मागे जाणारा चर्चच्या रजिस्टरांचा टप्पा, ४८०. शेवटी 'जमीनदार घराण्याशी जोडणी', घराण्याचं मानचिन्ह आणि चामड्याच्या बांधणीचं पुस्तक, ६९०. बेरीज करून बघा.

दाखल्यांचंच घ्या. सरकारच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून छापील दाखला १२.५० पौंडांना घरपोच येतो. जुन्या जन्म-मृत्यूंच्या बऱ्याच नोंदींची पीडीएफ ८ पौंडांना मिळते, आणि नुसती नोंदीची प्रतिमा ३ पौंडांना. त्याने दुप्पट घेतले आणि दाखला एकही दिला नाही. दिला तो टाइप केलेला 'गोषवारा'. मूळ दाखला हातात येईपर्यंत त्याचा एक पेनीही देऊ नका.

आता त्या १९३१ बद्दल. रात्री आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. दुसऱ्या अहवालात सासऱ्यांच्या वडिलांविषयी एक ओळ होती: '१९३१ ची जनगणना, वय १९, आईवडिलांसोबत राहतो, व्यवसाय गुराख्याचा मदतनीस.' मी त्या आकड्यावर थांबले होते. इथली जनगणना १०० वर्षं बंद ठेवतात, सगळ्यात अलीकडची खुली जनगणना १९२१ ची आणि ती जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली, एवढं मी आधीच वाचलं होतं. म्हणून त्याला ईमेल करून विचारलं, १९३१ ची तुम्हाला कशी बघायला मिळाली? उत्तर तासाभरात आलं. सामान्य लोकांना बंद आहे, मान्यताप्राप्त संशोधकांना विशेष परवानगीने बघता येते, त्याचंच हे शुल्क.

मला सांगा, ह्यात कुणाला शंका आली असती? आपल्याकडे तहसील कचेरीतून जुना फेरफार काढायचा तर माहितगार माणूस लागतो आणि तो पैसे घेतो. इथेही तसंच काही असेल असं वाटलं. मी प्रश्न विचारला होता. नेमका प्रश्न विचारला होता. त्याने बिनदिक्कत खोटं उत्तर दिलं.

इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना अस्तित्वातच नाही. डिसेंबर १९४२ मध्ये मिडलसेक्समधल्या हेझ इथल्या गोदामाला आग लागली आणि सगळे कागद जळून गेले. बॉम्बहल्ल्यात नव्हे, साध्या आगीत. स्कॉटलंडचे कागद वेगळ्या जागी होते, ते वाचले. १९४१ साली युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे इंग्लंडमध्ये १९२१ नंतर एकदम १९५१, आणि मधली भर म्हणून २९ सप्टेंबर १९३९ चं युद्धकाळातलं रजिस्टर. हे सगळं कुठेही फुकट वाचायला मिळतं, आणि त्या माणसाने ह्याच राखेचे आमच्याकडून १२० पौंड घेतले. कुणीही तुम्हाला इंग्लंडची १९३१ ची जनगणना देऊ केली, तर त्या क्षणी व्यवहार तोडा. पुढचं काही ऐकू नका.

हे सगळं बाहेर आलं वाढदिवसानंतर. नवऱ्याच्या एका चुलत बहिणीने पुस्तक चाळून सरळ विचारलं, विल्यम ह्या पूर्वजाच्या १७९८ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा संदर्भ क्रमांक कुठे आहे? पुस्तकात कुठेच नव्हता. त्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, संदर्भ हे त्याचं व्यावसायिक गुपित! जनगणनेच्या प्रत्येक पानाला क्रमांक असतो. १८४१ आणि १८५१ ला एचओ १०७, १८६१ ला आरजी ९, १८७१ ला आरजी १०, असं चढत १९२१ ला आरजी १५, आणि त्यापुढे गठ्ठ्याचा नि पानाचा आकडा. दाखल्याच्या सूचीत वर्ष, तिमाही, जिल्हा, खंड, पान असतं. हे आकडे लपवण्यासारखं काहीही नसतं. ते लपवणारा माणूस नोंद बघायला गेलेलाच नसतो.

मग आम्ही काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलो. जुनी पॅरिश रजिस्टरं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या वह्या, आता बहुतेक चर्चमध्ये राहिलेली नाहीत, ती अशा सरकारी दप्तरखान्यात असतात आणि तिथे बसून बघायला पैसे पडत नाहीत. तिथल्या बाईंनी मायक्रोफिश, म्हणजे रजिस्टराची पानं बारीक करून उतरवलेली फिल्म, यंत्रात लावून दिली. बाप्तिस्म्याची नोंद होती, मे १७९८, विल्यम, वडील जमीनदार. माझा जीव भांड्यात पडला. मग त्या म्हणाल्या, आता दफनं बघू. काच थोडी सरकवली. जानेवारी १७९९, तोच विल्यम, त्याच वडिलांचा मुलगा, तान्हं मूल. फिकट तपकिरी शाई, शेवटचं अक्षर ओढून खाली नेलेलं, पण वाचायला कसलाच त्रास नाही. आठ महिन्यांच्या आत गेलेल्या त्या लेकराला आमचा पूर्वज करून, त्याचं लग्न लावून, त्याला सहा मुलं झाल्याचं छापलं होतं. सासऱ्यांनी मुंबईच्या व्याह्यांना व्हिडिओ कॉलवर हेच पान अभिमानाने दाखवलं होतं.

आमचा खरा विल्यम १८५१ च्या जनगणनेत सापडतो आणि तिथे त्याचं जन्मगाव वेगळ्याच पॅरिशमधलं लिहिलेलं आहे. सारख्या नावाचा, सारख्या वयाचा श्रीमंत मुलगा शेजारच्या गावात शोधायचा आणि चिकटवायचा, ही ह्यांची हातोटी. त्यामुळे लक्षात ठेवा, बाप्तिस्मा मिळाला की लगेच त्याच रजिस्टरातली पुढच्या काही वर्षांची दफनं तपासा. आणि १८५१ पासून पुढे प्रत्येक जनगणनेतलं जन्मगाव एकमेकांशी ताडून बघा.

१८४१ चं पानही बनावट होतं. सुंदर अक्षरात तक्ता: वय ४३, कुटुंबप्रमुख, जन्म अमुक गावी. पण १८४१ च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं विचारलेलंच नव्हतं! जन्मगावही नाही, फक्त त्याच काउंटीत जन्म झाला की नाही एवढंच. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. काही गणकांनी नेमकं वय लिहिलं, ते सोडा. नातं आणि जन्मगाव ही माहिती १८५१ पासून सुरू होते. सामान्य माणसाला हे पाठ असतं का? आम्ही पैसे मोजले ते ज्याला हे पाठ आहे त्याला.

मानचिन्हाचं तर विचारूच नका. ढालीवर लाल सिंह, खाली लॅटिन वाक्य. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं, आणि त्याच्या वंशात ते वारशाने जातं. हे बघणारी संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासून लंडनमध्ये आहे. 'तुमच्या आडनावाचं मानचिन्ह' असं म्हणून जे विकतात ती शुद्ध लूट आहे.

आता आमच्या तक्रारीचं काय झालं ते ऐका.

बँकेत फोन केला. पहिल्या बाई गोड बोलल्या. नंतर पत्र आलं: तुम्हाला अहवाल आणि पुस्तक मिळालं आहे, त्यामुळे ही फसवणूक नाही, सेवेच्या दर्जाविषयीचा खाजगी वाद आहे. दर्जा? १९४२ साली जळालेल्या इमारतीतला फ्लॅट कुणी आज विकला, तर बांधकामाच्या दर्जाचा वाद म्हणाल का? हे मी लेखी विचारलं. उत्तरात पहिलंच पत्र पुन्हा आलं, तारीख बदलून.

फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी केंद्राकडे अर्ज भरला. त्या अर्जात आमच्या प्रकाराला बसणारा रकानाच नाही, 'इतर' निवडा. एक लांबलचक क्रमांक मिळाला. काही आठवड्यांनी कळवलं की तपासाला पुरेसे धागेदोरे नाहीत. पुरेसे नाहीत! आमच्याकडे बँक खात्याचा क्रमांक आहे, साठ-सत्तर ईमेल आहेत, त्याचा आवाज आहे, खोट्या पानांची फाइल आहे. अजून काय, त्याला हात धरून आणून बसवायचं? गावातल्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, त्याच केंद्राकडे ऑनलाइन भरा. भरलंय म्हटलं, तर म्हणे मग त्यांच्या उत्तराची वाट बघा. उत्तर आलंय म्हटलं, तर तरुण हवालदाराने खांदे उडवले.

ग्राहक मदतवाहिनीने माहिती पुढे पाठवली. ज्यांच्याकडे पाठवली ते खातं तक्रारदाराशी बोलत नाही. संशोधकांच्या व्यावसायिक संघटनेने सांगितलं, तो आमचा सभासद नाही, म्हणून आमच्या कक्षेत येत नाही. त्याच्या वेबसाइटवर तर त्यांच्यासारखंच बोधचिन्ह झळकतं! त्यावर काही करणार का? विचार करू म्हणाले. छोट्या दाव्यांच्या कोर्टात १०,००० पौंडांपर्यंतचं प्रकरण नेता येतं, पण आधी फी भरा आणि प्रतिवादीचा पत्ता द्या. त्याचा पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी. सगळीकडे एकच वाक्य ऐकलं, तुमच्याबाबत असं घडलं ह्याचं आम्हाला वाईट वाटतं. आमच्या कराच्या पैशांवर चालणाऱ्या कचेऱ्यांनी वाईट वाटून घेण्यापलीकडे काही करायचंच नाही का?

पैसे बँकेतून थेट पाठवले, कारण त्याने कार्डाच्या खर्चाचं निमित्त करून पाच टक्के सूट देऊ केली होती. ती सूट कधी मिळालीही नाही. इथे १०० पौंडांहून महागाची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली, तर १९७४ च्या कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार राहते. म्हणून कार्ड नको म्हणणाऱ्याशी व्यवहारच नको.

मुंबई-पुण्यातून इथे यायचा विचार करणाऱ्या, आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मंडळींनीही हे वाचावं. वंशाधारित व्हिसाला आजी-आजोबांचा खरा जन्मदाखला लागतो, कुणाचा अहवाल चालत नाही. आणि पूर्वजांचा बाप्तिस्मा किंवा लग्न मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये झालं असेल, तर त्या नोंदींच्या प्रती लंडनला जात असत, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'ची सूची फुकट चाळता येते. इंग्लंडसाठी फ्रीबीएमडी आणि फॅमिलीसर्च ह्या वेबसाइट फुकट. १९२१ ची जनगणना लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसून फुकट बघता येते, आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत ह्या विषयाच्या महागड्या वेबसाइटही बऱ्याचदा फुकट उघडून देतात. शोधायला वेळ लागतो, पैसे फार लागत नाहीत.

'१६०० सालापर्यंत वंशवृक्ष, हमखास' अशी त्याची जाहिरात अजूनही दिसते, फक्त वर नाव वेगळं आहे. चर्चची रजिस्टरं १५३८ च्या हुकमाने सुरू झाली खरी, पण कितीतरी गावांची सुरुवातीची पानं टिकलेली नाहीत आणि १६५३ ते १६६० च्या काळात तर नोंदींचा सगळा विस्कोट आहे. शेतमजुराच्या घराण्याची हमी न बघता देणारा माणूस पैसे घेण्याआधीच खोटं बोलतो आहे.

कुणी त्याला पैसे पाठवले असतील तर आजच बँकेला कळवा. थेट खात्यातून गेलेल्या फसवणुकीच्या पैशांची मागणी शेवटचा हप्ता दिल्यापासून १३ महिन्यांच्या आत करावी लागते. बँकेचं अंतिम उत्तर नकाराचं आलं तर त्या पत्रापासून ६ महिन्यांच्या आत वित्तीय लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. आमचा अर्ज तिथे दाखल झाला आहे, सोबत त्या दफनाच्या नोंदीची प्रत आणि १९३१ बद्दलचा त्याचा तो ईमेल जोडला आहे. अजून कुणी फसलं असेल तर कळवा. बँकेला हा एकट्या घराचा 'खाजगी वाद' म्हणता येऊ नये म्हणून तक्रारी एकत्र पाठवू.