फ्रीबीएसडी : आठ महिने वापरल्यानंतर

इंदूरला रामबागेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. जुन्या लग्नांच्या निगेटिव्ह स्कॅन करून जपायचं काम बाबा आणि मी करतो. त्यासाठी चार जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर पावसाळ्याच्या तोंडावर फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली.

पहिला गोंधळ नावांचा झाला. लिनक्सवर डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी बघायची सवय. इथे मशीनच्या आतली साटा डिस्क एडीए० आणि यूएसबीची डीए०. त्यात एमबीआर या (डिस्कचे भाग नोंदवायच्या जुन्या) पद्धतीच्या डिस्कवरच्या भागाला हे लोक 'स्लाइस' म्हणतात आणि त्या स्लाइसच्या पोटात ए, बी अशी पार्टिशनं करतात. महिनाभर अडखळले, मग कळलं की नावातच सगळं लिहिलेलं असतं. आकड्यानंतर 'एस' आला तर एमबीआर, 'पी' आला तर जीपीटी ही नवी पद्धत.

माझ्या डिस्कचे तीन भाग आहेत. पी१ जेमतेम ५१२ केबीचा, पी२ स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा), उरलेला सगळा पी३, त्यावर यूएफएस ही फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत). मशीन सुरू केलं की बायोस (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो. तिथला इवलासा कोड पी१ शोधतो, पी१मधला प्रोग्राम यूएफएस वाचून लोडर उचलतो, लोडर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत आणतो. कर्नल रूट (मुख्य फाइल सिस्टिम) माउंट करून, म्हणजे जोडून, इनिट या पहिल्या प्रोग्रामला उठवतो आणि तिथून बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या आरसी स्क्रिप्टांची रांग लागते. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ती काय देते आणि तिला आधी काय लागतं ते साध्या ओळीत असतं. त्यावरून क्रम आपोआप ठरतो. ही पद्धत मूळची नेटबीएसडी या भावंड सिस्टिमची, इथे २००३च्या ५.० आवृत्तीपासून आली. मला ती फार आवडली. माझी बॅकअपची स्क्रिप्ट नेटवर्कनंतरच उठावी, एवढ्यासाठी एकच ओळ पुरली.

ऑगस्टमध्ये रात्री धो धो पाऊस, लाईट गेली. सकाळी बाबांचा फोन: "अगं, मशीन अर्ध्यातच थांबलंय, कुठल्या शेलचा पत्ता विचारतंय." मला वाटलं डिस्क गेली. सतरा वर्षांच्या लग्नांचे फोटो त्यावर! "बाबा, नुसतं एंटर दाबा," म्हटलं आणि डेव्ह फोल्डरमधली डीएने सुरू होणारी नावं वाचून दाखवायला सांगितली. त्यांनी एकेक अक्षर सुटं करून वाचलं: डीए०, डीए०एस१, डीए१, डीए१पी१. तो 'एस' ऐकला आणि जीव भांड्यात पडला. एका गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह मागे लावलेला राहिला होता, त्याने डीए० हे नाव घेतलं आणि आमची यूएसबीची बॅकअप डिस्क डीए१ झाली. एफस्टॅबमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचं त्याची यादी) मी डीए०पी१ लिहून ठेवलेलं; ते सापडेना म्हणून सिस्टिम सिंगल यूझर या दुरुस्तीच्या अवस्थेत थांबली. पेनड्राइव्ह काढून रीबूट केलं, सगळं जागेवर. लाईट गेल्याने यूएफएसची जी विस्कट झाली होती, ती जर्नलवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) काही सेकंदांतच निस्तरली होती.

संध्याकाळी बॅकअप डिस्कच्या पार्टिशनला जीपीटी लेबल, म्हणजे न बदलणारं नाव, दिलं, एफस्टॅबमध्ये तेच लेबल घातलं आणि पर्यायांत 'फेलओके' (डिस्क सापडली नाही तरी पुढे जा) जोडलं. यूएसबी डिस्क कायमची जोडणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

खटकलं ते एवढंच की रॅम कमी म्हणून झेडएफएस ही जास्त रॅम मागणारी दुसरी फाइल सिस्टिम टाळली. त्यामुळे बूट एन्व्हायर्नमेंट मिळत नाही. अपडेट बिघडलं तर लोडरच्या मेनूतून कालची सिस्टिम निवडायची सोय माझ्याकडे नाही. दर अपडेटच्या आधी मी पूर्ण बॅकअप घेते, त्यात अर्धा दिवस जातो. दिवाळीला आठ जीबी रॅम घेतली आहे. पुढचं इन्स्टॉलेशन झेडएफएसवरच करणार.