जुन्या पीसीत कोणतं ग्राफिक्स कार्ड बसवाल: आरटीएक्स ३०५० (६ जीबी) की आरएक्स ६६००?

"मामा, जीटीएक्स १६५० काढून कुठलं कार्ड टाकू?" भाच्याने विचारलं तेव्हा मी उलट विचारलं, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कुठला आहे? त्याला सांगता येईना. पीसी असेंबल करून घेतलेल्या बऱ्याच जणांना ते सांगता येत नाही, आणि कार्डाचा निर्णय मात्र तिथूनच सुरू होतो.

आम्ही कॅबिनेटची बाजूची पत्री काढली. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं होतं. खालच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः याच लाइनवर चालतात, त्यामुळे खरा आकडा हाच. कार्ड बघायच्या आधी तुम्हीही हा गुणाकार कराच.

आता दोन्ही कार्डं. एनव्हिडियाचं ३०५० (६ जीबी) फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. त्याला लागतात ७० वॅट. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट स्वतःच ७५ वॅटपर्यंत वीज देतो, म्हणून बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. एएमडीचं आरएक्स ६६०० ऑक्टोबर २०२१ चं. ते १३२ वॅट खातं, ८ पिनची केबल मागतं, आणि एएमडी त्यासाठी किमान ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. अर्थात तो चांगला, पूर्ण वॅट देणारा हवा. भाच्याच्या डब्यातून ६६०० चालवलं असतं तर प्रोसेसरसाठी जेमतेम ६० वॅट उरले असते.

खेळाच्या बाबतीत मात्र ६६०० सरळ पुढे आहे. १०८०पी (फुल एचडी) वर साध्या रेंडरिंगमध्ये, म्हणजे रे ट्रेसिंगशिवाय, ते ३०५० (६ जीबी) च्या साधारण दीडपट फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) देतं. मेमरी ८ जीबी आहे आणि बस, म्हणजे मेमरीकडे डेटा नेणारा रस्ता, १२८ बिटची. ३०५० (६ जीबी) ची बस ९६ बिटची. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) हाय ठेवायचे असतील तर हे दोन जीबी लगेच जाणवतात. रे ट्रेसिंगसाठी (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यासाठी) मात्र यातलं कुठलंच घेऊ नका, तेवढी ताकद दोघांतही नाही.

३०५० ची जमेची बाजू डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र. १०८०पी वर एएमडीच्या तशाच एफएसआरपेक्षा त्याचं चित्र स्वच्छ दिसतं. शिवाय घरातलं कोणी इंजिनिअरिंगला असेल, ब्लेंडर किंवा मशीन लर्निंग करत असेल, तर कुडा (असे प्रोग्रॅम कार्डावर चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) चालणारं कार्ड असणं मोठी सोय आहे. तिथे मी कमी फ्रेम पत्करून एनव्हिडियाच घेईन. ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड छोटा पीसी असेल तर प्रश्नच मिटला: त्याच्या एसएमपीएसला बहुधा जास्तीची पॉवर केबल नसते. लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, ३०५० (६ जीबी) घ्या. एक खबरदारी: ३०५० याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे, पण त्यात २५६० कोर (गणित करणारे भाग) आहेत, ६ जीबीवाल्यात २३०४. बिलावर जीबी लिहून घ्या.

सेकंडहँडमध्ये जीटीएक्स १६६० सुपर स्वस्तात दिसेल. कार्ड चांगलं होतं, पण २०१९ चं आहे आणि त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही. २०२५ च्या 'डूम: द डार्क एजेस'ला तेच सक्तीचं आहे, त्यामुळे तो गेम त्यावर चालत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणं) बंद झालं आणि त्या कामात रात्रंदिवस राबलेली कार्डंही बाजारात आली. ती घ्यायला माझा तरी जीव धजत नाही.

कुठलंही कार्ड घेण्याआधी गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघा. जीपीयू (कार्डावरची मुख्य चिप) सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर नवीन कार्डाचा फायदा होईल. साठ-सत्तरवरच घुटमळत असेल आणि फ्रेमवर मर्यादा लावलेली नसेल, तर अडचण प्रोसेसरची किंवा एकच रॅमची पट्टी असल्याची. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये हे फार दिसतं. तेव्हा त्याच मापाची दुसरी पट्टी टाकून बघा, खर्च कितीतरी कमी.

भाच्याचं जीपीयू ९९ वर होतं. त्याला फक्त गेमच खेळायचे होते, म्हणून मी ६६०० सोबत ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) एसएमपीएस घ्यायला लावला. बजेट वाढलं, तो दोन महिने थांबला. जोडणी झाल्यावर स्क्रीन काळीच, बिचाऱ्याचा चेहरा पडला. बघितलं तर एचडीएमआयची केबल सवयीने मदरबोर्डलाच लावली होती. ती कार्डाला लावली आणि विंडोज दिसलं.