फिंगरचं सोनं: थेट आम्लराज, की आधी तांबं उतरवायचं?

विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, घराणी देशभर पसरलेली आहेत. माझ्या ओळखीतले त्यांतले काही तरुण आता दागिन्यांबरोबर कॉम्प्युटरच्या भंगाराकडेही बघू लागलेत. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो. रॅम आणि कार्डांच्या सोनेरी कडा, म्हणजे फिंगर, कापून जमा झाल्या की त्या थेट आम्लराजात, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या नायट्रिक-हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात टाकाव्यात, की आधी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तांबं उतरवून सोन्याचे पापुद्रे सुटे करावेत? मी दोन्ही रीतींनी काम केलंय. सध्या एका नोंदणीकृत प्रकल्पात ओल्या प्रक्रियेचा विभाग बघतो, तिथल्या अनुभवावरून लिहितोय.

नोंदणीचा मुद्दा आधीच सांगतो. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. दागिन्यांच्या गलाईचं दुकान आहे म्हणून त्याच ओट्यावर फिंगर विरघळवायला घेऊ नका. नोंदणी नसेल तर फिंगर कापण्याच्याही भानगडीत न पडता माल नोंदणीकृत प्रकल्पाला विका. पुढचं सगळं नोंदणी, धूर खेचणारी बंद कपाटं आणि सांडपाण्याची सोय असलेल्यांसाठी आहे.

गलाईवाल्याचा हात आपसूक आम्लराजाकडे जातो आणि त्याला कारण आहे. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. त्याला आजचं सोनं आजच हवं असतं, भाव उद्या बदलतो. आम्लराज हे काम काही तासांत करतं. हिरवट-पिवळं पाणी, मग सोनं खाली बसवायला हिराकस किंवा मेटाबायसल्फाइट, तळाला सोन्याची तपकिरी भुकटी, मूस, टाकणखार, गोळा. ही सगळी वाट अंगवळणी पडलेली असते. पण भंगारात समोर कुणी बसलेलं नसतं. माल आपलाच असतो. चार दिवस जास्त लागले तर भांडवल अडकतं हे खरं, पण घाईचं निम्मं कारण तिथेच संपतं, असं मला वाटतं.

दुसरा फरक मालाचा. दागिन्यात सोनं जास्त आणि भेसळ कमी, फिंगरमध्ये नेमकं उलटं. चांगल्या जुन्या कार्डाच्या फिंगरवर सोन्याचा थर साधारण पाऊण मायक्रॉनचा असतो. त्याखाली निकेल, आणि त्याखाली तांबं, नेहमीच्या बोर्डावर ३५ मायक्रॉनच्या आसपास. वजनात धरलं तर एक ग्रॅम सोन्यामागे वीसेक ग्रॅम तांबं येतं. आम्लराजात टाकलं की हे सगळं तांबं विरघळवण्यावर आम्ल खर्च होतं. शिवाय तांबं शिल्लक असेपर्यंत विरघळलेलं सोनं परत त्याच्यावर बसत राहतं, म्हणून शेवटचा कणही विरघळेपर्यंत थांबता येत नाही. दुसऱ्या रीतीत सोन्याला हात लावावाच लागत नाही. खालचं तांबं गेलं की पापुद्रा आपोआप सुटतो.

हे सगळं कागदावर कळतच होतं. तरीही बराच काळ मी आम्लराजच वापरत होतो, कारण वेग. माझा निर्णय फिरवला तो गाळणीने, आणि खरं तर कथलाने.

फिंगर कितीही नीट कापले तरी कडेला थोडं सोल्डर येतंच. पिना असतील तर विचारूच नका. सोल्डरमधलं कथील नायट्रिकच्या तावडीत सापडलं की त्याची पांढरट-राखाडी लापशी होते. ती तळाला बसत नाही आणि गाळणीतून खालीही जात नाही. कागदावर साय धरते, आणि मग थेंब, थेंब, बराच वेळ काहीच नाही, पुन्हा एक थेंब. संध्याकाळी लावलेली गाळणी सकाळी तशीच भरलेली दिसते. व्हॅक्यूम लावावं तर कागद फाटतो. गरम करावं तर वाफा. आणि मुख्य म्हणजे ती लापशी सोन्याचं पाणी पोटात धरून ठेवते. धुवा, पुन्हा धुवा, प्रत्येक धुवणाचा थेंब स्टॅनस क्लोराइडवर टाकून बघा. जांभळा रंग, म्हणजे अजून सोनं असल्याची खूण, येतच राहतो. धुवणाचं पाणी वाढत जातं, ते आटवायला हवं, आटवताना पुन्हा वाफा. वेगासाठी निवडलेल्या रीतीतला सगळा वेग या गाळणीपाशी अडतो. दिवसाअखेर कामगार दमलेला, गाळणी भरलेली आणि सोनं नेमकं कुठे आहे याची खात्री नाही, हे मला फार लागायचं. दुसऱ्याने विश्वासाने दिलेल्या मालाचा हिशेब चोख असावा, हीच गलाईची खरी कमाई आहे.

हायड्रोक्लोरिकमध्ये तेच कथील निमूटपणे विरघळतं. शिसं पांढरे खडे धरतं, पण ते गरम पाण्यात जातात. पापुद्रे साध्या कागदावर गाळता येतात, डोळ्यांना दिसतात, मोजल्यासारखे वाटतात. पेरॉक्साइडही सुरुवातीलाच थोडं लागतं. एकदा पाण्यात तांबं उतरलं की ते तांब्याचं क्लोराइडच पुढचं तांबं खात राहतं, आणि त्याला ताजं ठेवायला माशांच्या टाकीतल्या पंपाची हवा पुरते. पाणी तपकिरी-काळं पडतं, हवा मिळाली की हिरवं होतं. ते वापरलेलं पाणी पुढच्या घाण्यालाही चालतं.

या रीतीचे दोषही सांगायला हवेत. काम दिवसांत मोजावं लागतं, थंडीत आणखी. ड्रम ठेवायला जागा लागते. हवेबरोबर आम्लाची वाफ बाहेर येते आणि आसपासचं लोखंड गंजवते. सगळ्यात मोठा धोका घाईचा. काम हळू चाललंय म्हणून कुणी पेरॉक्साइड ओतत राहिलं, तर क्लोरीन सुटतो आणि पापुद्रेही थोडे विरघळू लागतात. तांबं शिल्लक असलं तर ते सोनं परत बसतं, नसलं तर पाण्यात राहतं. म्हणून टाकून द्यायच्या पाण्याचीही चाचणी चुकवायची नाही. तरी आम्लराजाच्या लालसर धुरापेक्षा हे मला आवरण्यासारखं वाटतं. त्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडचा त्रास काही तासांनी, माणूस घरी गेल्यावर उफाळू शकतो. ज्यांच्याकडे हाताखाली पोरं काम करतात त्यांनी याचा विचार करावा.

आम्लराजाला पर्याय नाही अशा जागाही आहेत. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये सोनं पिनांच्या मुळाशी आणि आतल्या बैठकीत असतं. तिथे पापुद्रा सुटायचा प्रश्नच नसतो, बारीक करून आम्लराजच लागतं. पापुद्रे जमा झाल्यावर शेवटच्या शुद्धीलाही मी तेच वापरतो, पण तेव्हा माल चिमूटभर आणि आम्लही वाटीभरच असतं. उरलेल्या नायट्रिकमुळे खाली बसलेली भुकटी पुन्हा विरघळते, ते घालवण्याची कटकटही मग तेवढीच छोटी होते. काळ्या प्लास्टिकच्या आयसींसाठी, म्हणजे चिपांसाठी, मात्र या दोन्हींपैकी एकही रीत सुचवणार नाही. त्या जाळाव्या लागतात, आणि नव्या चिपांत सोन्याच्या तारेऐवजी बऱ्याचदा तांब्याचीच तार असते. त्या मोठ्या स्मेल्टरकडे जाऊ द्याव्यात.

सांडपाण्यात दोघांचं ओझं फारसं कमी-जास्त नाही. लोखंडाच्या चुऱ्यावर तांबं बसवायचं, चुन्याने आम्ल मारायचं, गाळ तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत घातक-कचरा केंद्रात पाठवायचा. फरक इतकाच की एका रीतीत त्या पाण्यातून सोनं आधी वेगळं काढावं लागतं, दुसरीत ते बहुतेक कागदावरच राहिलेलं असतं.

तुमचा माल मुख्यतः सिरॅमिक असेल किंवा रोजच्या रोज हिशेब द्यावा लागत असेल, तर माझं म्हणणं तुम्हाला तितकंसं लागू होणार नाही. फिंगर आणि पिना असतील, तर नायट्रिकचे कॅन भरण्याआधी एकाच लॉटचे वजनाने दोन सारखे भाग करा आणि दोन्ही रीती चालवून बघा. वेळ मोजताना आम्लात टाकल्यापासून नव्हे, तर शेवटच्या धुवणात जांभळा रंग यायचा थांबेपर्यंतचा मोजा.