घरी बांधलेला छोटा लेथ: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

भांडुपच्या आमच्या तळमजल्यावरील घरात, मागच्या बंदिस्त व्हरांड्यात, मी स्वतः बांधलेला धातुकामाचा छोटा लेथ, म्हणजे फिरत्या धातूला टूल लावून तो कातणारे यंत्र, आता एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा नियमित वापरात आहे. सेंटरची (फिरण्याच्या अक्षाची) उंची 90 मि.मी., दोन सेंटरांमधले अंतर 300 मि.मी. आणि काम पकडणारा तीन जॉचा (जबड्यांचा) 100 मि.मी. चक एवढा त्याचा आवाका. शिलाई मशीनचे पितळी बुश, सायकलचे स्पेसर, नळाचे स्पिंडल आणि एका लहान वाफेच्या इंजिनाचे सगळे गोल भाग त्यावर झाले. एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे, की छोटा लेथ कसा कापतो हे बेड (यंत्राचा आडवा पाया) आणि हेडस्टॉक (फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे स्पिंडल, धरणारा भाग) किती ताठ आहेत यावर ठरते, आणि घरी बांधणाऱ्याने आपला पैसा व वेळ आधी या दोन ठिकाणी घालावा.

बेडसाठी दोन गोल सळ्या वापरण्याची पद्धत जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या प्रसिद्ध युनिमॅट लेथची रचना तशीच होती आणि पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक कामाला ती पुरते. परंतु दोन टोकांवर टेकलेल्या सळईचा बाक तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि पोलाद कापताना टूलखालचा बेड नेमका मध्यावर लवतो. म्हणून मी मुंबईतल्या दारुखान्याच्या लोखंड बाजारातून 25 मि.मी. जाडीची, 125 मि.मी. रुंद आणि 600 मि.मी. लांब माइल्ड स्टीलची प्लेट आणली. घेताना काळी, म्हणजे गरम रोल केलेलीच, मागून घ्यावी. चकचकीत ब्राइट पट्टी दिसायला सुबक असते, पण थंड अवस्थेत ओढल्यामुळे तिच्या पृष्ठभागाजवळ ताण अडकलेला असतो, आणि एका बाजूचा थर काढला की ती वाकते. ही प्लेट सरफेस ग्राइंडिंगला, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करायला, देताना दोन्ही बाजू आलटून पालटून, थोड्या थोड्या घासायला सांगितल्या होत्या आणि त्या कामाच्या दरात घासाघीस केली नाही.

नुसती प्लेट जवळजवळ 15 किलो भरते. तिच्या खाली 150 बाय 75 चे चॅनल बोल्टने जोडून त्यात न आकसणारा ग्राउट (भरावाचा मसाला) भरला आहे. पोलाद बिडापेक्षा ताठ असते, पण ते घणघणते. बिडातल्या ग्रॅफाइटमुळे कंपने जशी विरतात तशी पोलादात विरत नाहीत, आणि ही उणीव ग्राउटने बऱ्याच अंशी भरून काढली. सॅडलचा, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा, खालचा भाग मात्र बिडाचाच ठेवला, कारण पोलादावर पोलाद घासले की ते एकमेकांना ओरबाडते. आज बेडवर ग्राइंडिंगच्या खुणा सर्वत्र दिसतात. जिब (सॅडलचा ढिलेपणा काढणारी पट्टी) आतापर्यंत एकदाच थोडी आवळावी लागली.

हेडस्टॉकबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. बाजारात मिळणाऱ्या छोट्या चिनी लेथमध्ये बहुधा 6206 क्रमांकाचे साधे बॉल बेअरिंग असते. त्याच 30 मि.मी. आतील आणि 62 मि.मी. बाहेरील व्यासात 30206 हे टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचे) बेअरिंग मिळते, त्याची जाडी फक्त सव्वा मिलिमीटरने अधिक असते. मी सुरुवातीपासून हेच बसवले. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात ते सहज मिळते, मात्र नामांकित कंपनीचे आणि सीलबंद खोक्यातलेच घ्यावे. टेपर रोलरचा खरा लाभ असा, की मागचा लॉक नट आवळून स्पिंडलचा पुढेमागे आणि आजूबाजूचा दोन्ही ढिलेपणा एकाच वेळी काढता येतो. किती आवळायचे याची माझी कसोटी साधी आहे: अर्धा तास चालवल्यावर हाउसिंग हाताला कोमट लागावे, चटका बसू नये. स्पिंडल ईएन 8 या पोलादाचा, आरपार 20 मि.मी. भोकाचा आणि पुढे मोर्स टेपर 3 या ठरावीक मापाच्या निमुळत्या बैठकीचा असून तो बाहेरून टर्न व ग्राइंड करून घेतला. आजही डायल गेजचा काटा त्याच्या टेपरवर एका घराच्या, म्हणजे 0.01 मि.मी.च्या, पुढे जात नाही.

चकची बॅकप्लेट, म्हणजे चक ज्या तबकडीने स्पिंडलवर बसतो ती, मात्र कोणाकडूनही तयार करून घेऊ नये. ती आपल्याच स्पिंडलवर चढवून, तिथेच फेसिंग करून (तोंड सपाट कातून) आणि चकची बैठक तिथेच टर्न करून घेतली, की स्पिंडलच्या आट्यातली उरलीसुरली चूक तिच्यात उतरत नाही.

स्पिंडल बेडला समांतर आहे का, हे मी अधूनमधून तपासतो. 25 मि.मी.ची सळई चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा (दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) आधार न देता, 100 मि.मी. अंतरावर दोन कॉलर (थोडी जाड कडी) ठेवतो आणि दोन्हींवरून एकाच सेटिंगवर बारीक काप घेतो. दोन्ही व्यासांत 0.02 चा फरक आला तर स्पिंडल 100 मि.मी.मागे 0.01 तिरका आहे असे समजावे. मुंबईत या तपासणीला विशेष महत्त्व आहे, कारण ओल्या हवेत प्लायवुडचे टेबल फुगते, आणि त्यावर चार कोपऱ्यांत आवळलेला बेड पिळला जातो. त्यासाठी माझा बेड तीनच टेकूंवर उभा आहे, आणि ऐन पावसाळ्यातले माप व डिसेंबरचे माप यांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही.

मोटर अर्ध्या अश्वशक्तीची थ्री फेज आहे आणि घरातल्या सिंगल फेजवरून ती व्हीएफडीने, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या उपकरणाने, चालते. वेग पाहिजे तसा कमी-जास्त होतो आणि उलट फिरवणेही सोपे जाते. तरीही स्टेप पुली (वेगवेगळ्या व्यासांच्या पायऱ्यांची पुली) काढू नये, कारण फ्रिक्वेन्सी उतरवली की मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. मिनिटाला 1440 फेऱ्यांची मोटर एकास चार पुलीने स्पिंडलला 360 फेरे देते, 25 मि.मी.च्या माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने मिनिटाला साधारण 28 मीटर वेग लागतो, तो इथे बरोबर मिळतो. व्हीएफडीच्या फिल्टरमधून अर्थिंगकडे थोडा विद्युतप्रवाह गळत असतो, त्यामुळे घरचा 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकण्याचा विचारही करू नये, कमी गळतीचा व्हीएफडी निवडावा.

माझे काका गिरणीच्या मशीन शॉपमध्ये टर्नर होते. त्यांनी पहिल्या भेटीत मोटरकडे पाहिलेही नाही. टूल पोस्टवर बोटे ठेवून ते म्हणाले, ‘‘अरे, काप चालू असताना इथे हात ठेवत जा. हाताला काही कळलं नाही, तर काम चांगलं चाललंय.’’ ही सवय मी लावून घेतली आहे, आणि टूलची धार गेल्याचे डोळ्यांच्या आधी बोटांना कळते.

गंजाचा प्रश्न गंभीर आहे. जुलैमध्ये उघडे पोलाद एका रात्रीत तांबूस होते. काम संपले की कीस ब्रशने झाडून 68 ग्रेडचे स्लाइडवे तेल लावणे आणि वर तेलाचा हात लावलेले सुती कापड टाकणे मला पुरले. प्लास्टिकचे आवरण टाळावे, कारण ओल आत कोंडते. टूल आणि गेज गंज रोखणाऱ्या व्हीसीआय कागदात गुंडाळून ठेवतो.

आता मर्यादा. माइल्ड स्टीलमध्ये अर्धा मिलिमीटर खोल काप स्वच्छ निघतो, त्यापुढे आवाज बदलू लागतो. कार्बाइड टिपांपेक्षा ऑइल स्टोनवर धार लावलेले एचएसएस इथे सरस ठरते. ॲल्युमिनियमसाठी बनवलेल्या धारदार टिपा अपवाद. पार्टिंगसाठी (तुकडा कापून वेगळा करण्यासाठी) क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे टूल आडवे सरकवणाऱ्या भागाच्या, मागच्या बाजूला उलटे टूल लावल्यापासून ते कामात घुसून अडकणे जवळजवळ थांबले. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचा पिच 1 मि.मी. आणि डायलवर 50 घरे आहेत, म्हणजे एका घराला व्यास 0.04 ने घटतो. याहून बारीक मापासाठी कंपाउंड स्लाइड (तिच्यावरची, कोनात फिरवता येणारी छोटी स्लाइड) तिरपी लावावी लागते. मेट्रिक आटे उत्तम निघतात, पण नळाच्या इंची आट्यांसाठी अचूक गुणोत्तर हवे तर 127 दातांचा गिअर लागतो, आणि मॉड्यूल 1 (दातांचे माप) मध्ये त्याचा बाहेरचा व्यास 129 मि.मी. होत असल्याने तो माझ्या गिअर कव्हरमध्ये मावत नाही. तेवढे काम मी अजून डायने (आटे पाडण्याच्या हातहत्याराने) करतो.

ज्यांना केवळ सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनी तयार लेथ घ्यावा आणि त्याचे बेअरिंग बदलावे. ज्यांना यंत्र आतून समजून घ्यायचे आहे त्यांनी जरूर बांधावा, मात्र प्लेट निवडण्यापूर्वी आपल्या ग्राइंडिंगवाल्याच्या मशीनवर किती लांबी बसते, हे जाऊन विचारून यावे.