भूमध्यसागरी जेवण : बाटलीतलं की मंडईतलं?

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळून ‘जरा मेडिटेरेनियन पद्धतीनं खात जा’ म्हटलं, की पुण्यातल्या माणसापुढे दोन वाटा येतात. एक सुपरमार्केटातल्या परदेशी मालाच्या कप्प्याकडे जाते : ऑलिव्ह तेल, हमस (काबुली चण्यांची चटणी), फेटा चीज, क्विनोआ. (क्विनोआ दक्षिण अमेरिकेतला. तो या यादीत कसा घुसला, देव जाणे.) दुसरी वाट मंडईत आणि तिथून घाण्याच्या दुकानात. मी पहिलीवर आठ महिने काढले, दुसरीवर तीन वर्षं आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, सुकामेवा आणि भरपूर ऑलिव्ह तेल, हे या जेवणात असतं ते तुम्हाला माहीत असणारच, ते उगाळत नाही. फक्त एक तपशील सांगतो, कारण माझं सगळं गाडं तिथेच अडलं. या जेवणावरचा गाजलेला अभ्यास स्पेनमधला, प्रेडिमेड नावाचा. साडेसात हजारांच्या आसपास माणसं. निष्कर्ष २०१३ साली आले. गट पाडण्यात काही ठिकाणी चुका झाल्याचं निघालं, म्हणून २०१८ मध्ये ते मागे घेऊन नव्यानं छापले, तरी आकडा जवळपास तोच राहिला : कमी चरबीचं खायला सांगितलेल्यांपेक्षा या जेवणवाल्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्के कमी. आता तपशील. या जेवणवाल्यांत एक गट ऑलिव्ह तेलाचा होता; त्यातल्या घरांना एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल फुकट मिळत होतं, आठवड्याला एक लिटर.

आमच्याकडे एक लिटरची बाटली अडीच महिने पुरली.

हजाराच्या वरची बाटली म्हटल्यावर हात आपोआप आखडतो. एकदा आईनं त्या तेलात मोहरी-हिंगाची फोडणी घालून मेथीची भाजी केली. ऑलिव्ह तेलात फोडणी किंवा तळण चालत नाही हा खरं तर गैरसमज आहे, स्पेनमध्ये सर्रास तळतात. पण मी जे बोललो ते आरोग्याबद्दल नव्हतंच. ‘अगं, एवढ्या तेलात माझं आठवडाभराचं सॅलड झालं असतं!’ आई शांतपणे म्हणाली, ‘मग कुलपात ठेव.’ आणि मी खरंच ती बाटली माझ्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवली, शर्टांच्या मागे. रोज सकाळी डब्यातल्या काकडी-टोमॅटोवर त्यातले मोजून चार थेंब. ज्या जेवणाचा जीव तेलाच्या सढळ धारेत आहे, त्यातलं तेल मी अत्तरासारखं वापरत होतो. दुपारी चार वाजता पोटात कावळे ओरडायचे आणि ऑफिसखालच्या टपरीवर वडापाव व्हायचा. म्हणजे ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या शेतकऱ्याचा डबा आणि शिवाजीनगरचा वडा, असा संगम. घरात माझं ताट वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं, हेही होतंच.

वस्तूंचा दोष नव्हता, हे कबूल करायला हवं. चांगलं ऑलिव्ह तेल घशाला किंचित खवखवतं, ती त्यातल्या पॉलिफेनॉल या उपयुक्त वनस्पती-द्रव्यांची खूण. ते आपल्या फिल्टर न केलेल्या शेंगदाणा तेलातही त्या प्रमाणात नसतात. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल (हृदयाला बरी मानली जाणारी चरबी) साधारण सत्तर टक्क्यांच्या घरात, शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास. कागदावर पहिली वाट पुढे आहे, यात वाद नाही.

पण शेंगदाणा तेलाचा डबा स्वयंपाकघरात उघडा असतो. कुणी कुणाचा हात धरत नाही. मटकीच्या उसळीत, कोशिंबिरीवरच्या फोडणीत ते हवं तेवढं पडतं, त्यामुळे वाटीभर उसळ आणि दोन ज्वारीच्या भाकरी खाऊन मला चार वाजता काही आठवत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

शेंगदाणा तेलात ओमेगा-३ (मासे, जवस, अक्रोड यांत असणारी उपयुक्त चरबी) जवळजवळ नसतं, ही उणीव मात्र खरी. फ्रान्समध्ये लियों शहरातल्या अभ्यासात, एकदा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना रेपसीड (मोहरीच्या जातीतल्या बियांच्या) तेलापासून केलेलं मार्गारिन, म्हणजे लोण्यासारखं लावायचं वनस्पती तेल, दिलं होतं, कारण नुसत्या ऑलिव्ह तेलावर राहायला ते तयार नव्हते. त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण चांगलंच घटलं. त्या मार्गारिनमध्ये अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३चाच एक प्रकार, भरपूर होतं, जे आपल्याकडे जवसात असतं. यावरून शेंगदाणा आणि ऑलिव्ह एकच असं कुणी समजू नये, मीही समजत नाही. पण आमच्याकडे जवसाची चटणी ताटातून हलली नाही ती तेव्हापासून. जोडीला रविवारी गणेश पेठेतून बांगडा. श्रावणात तो बंद, तेव्हा अक्रोड.

आणि घोळ ही पालेभाजी. मंडईत पावसाळ्यात पाच-दहा जुड्या घेऊन बसलेल्या बायकांकडे मिळते ती, जाडसर पानांची, आंबटसर. क्रीटमध्ये हीच भाजी कच्ची, टोमॅटोबरोबर खातात. तिच्या पानांतही तेच जवसातलं आम्ल असतं. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की भाजीवालीला सांगायला गेलो. ती म्हणाली, ‘मग दोन जुड्या घ्या.’

मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे पट्ट्याचं एक भोक आणि पर्वतीची टेकडी आहे. १०३ पायऱ्या पूर्वी मध्ये दोनदा थांबून चढायचो, आता थांबत नाही. यात चालण्याचा वाटा किती आणि उसळीचा किती, मला सांगता येणार नाही. साखरेची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच बदल करा.

मंडईच्या वाटेवर खड्डेही आहेत. ‘आपलं ते चांगलं’ म्हणत माणूस मिसळीच्या तर्रीला कडधान्य म्हणू लागतो आणि साबुदाण्याच्या खिचडीला उपास. लोणचं-पापडातलं मीठ तर कुणी मोजतच नाही. मी स्वतः सहा महिने भाकरीवर लोणी घेऊन क्रीटच्या गप्पा मारत होतो.

बाणेर-वाकडकडे एकटे राहत असाल, उसळ भिजवून मोड आणण्याएवढा वेळ नसेल, आणि महिन्याला दोन बाटल्या हात न आखडता संपवता येत असतील, तर पहिली वाट तुम्हाला अधिक सोपी जाईल. गडद काचेची बाटली घ्या, चुलीपासून लांब ठेवा, उघडल्यावर दोनेक महिन्यांत संपवा. आमच्याकडेही एक छोटी, पाव लिटरची असते, टोमॅटोवर घालायला. ती आता जेवणाच्या टेबलावर असते, मिठाच्या बरणीशेजारी. आई अजून तिला हात लावत नाही.