ई-रीडरवरच्या पीडीएफसाठी बिल्ड: ‘-ओ२’ की ‘-ओएस’?

बोरिवलीहून चर्चगेटला जाताना जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन वाचायचं, तर पान पटकन उलटायला हवं. कोरीडर हे ई-रीडरवरचं वाचनाचं अ‍ॅप पीडीएफसाठी म्युपीडीएफ ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतं, आणि ती लायब्ररी आपण कशी कंपाइल करतो, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर कसं करतो, यावर बरंच अवलंबून असतं. कंपायलरला सूचना देणारे दोन फ्लॅग इथे समोर आहेत: ‘-ओ२’ वेगाकडे झुकतो, ‘-ओएस’ आकाराकडे.

‘-ओएस’ बायनरी, म्हणजे तयार होणारी प्रोग्रामची फाइल, लहान ठेवतो. कॉर्टेक्स-ए८ सारख्या जुन्या प्रोसेसरमध्ये सूचनांची एल१ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) १६ किंवा ३२ केबीच असते आणि लहान कोड तिच्यात नीट मावतो, त्यामुळे मेनू, फाइलयादी, सेटिंग्ज यांना तो पुरतो.

स्कॅनचं मात्र तसं नाही. तिथे वेळ जातो जेपीईजी किंवा जेबीआयजी२ (काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठीची चित्र दाबण्याची पद्धत) उलगडण्यात आणि चित्र लहानमोठं करण्यात, म्हणजे एकाच लूपमध्ये लाखो पिक्सेल. माझा कौल इथे स्पष्टपणे ‘-ओ२’ला, जोडीला कोड या प्रोसेसरला साजेसा करणारा ‘-एमट्यून=कॉर्टेक्स-ए८’ आणि निऑन (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) वापरू देणारा ‘-एमएफपीयू=निऑन’. एक गोष्ट लक्षात ठेवा: ३२-बिट एआरएमवर निऑन दशांश गणिताचे आयईईई हे प्रमाण नियम पूर्ण पाळत नाही, म्हणून ‘-एफफास्ट-मॅथ’सारखी सूट दिल्याशिवाय जीसीसी हा कंपायलर दशांश गणितासाठी निऑन आपोआप वापरत नाही. पूर्णांकांना ही अट नाही.

‘-ओ२’ आणि ‘-ओएस’ दोन्ही फ्लॅग एकाच बिल्डमध्ये चालतात. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) चित्र उलगडणाऱ्या डिकोडरच्या फाइलींना वेगळे सीफ्लॅग्स (कंपायलरचे फ्लॅग) द्या.

आकार कमी करायला म्युपीडीएफचा ‘टोफू’ पर्याय मोहक वाटतो, पण त्याने आतले नोटो फॉन्ट (अनेक लिप्यांसाठीचे अक्षरसंच) वगळले जातात. मग ज्या फाइलीत फॉन्ट जोडलेला नाही, तिथे देवनागरीच्या जागी चौकोन दिसू शकतात. मराठी वाचकासाठीच्या बिल्डमध्ये ही काटकसर मुळीच करू नये.