पुण्यातून भूतान: पॅकेज कसं आहे आणि त्यामागची मैत्री किती कामाची आहे

उन्हाळी सुट्टीच्या जाहिराती सुरू झाल्या की पुण्यातल्या जवळपास प्रत्येक सहल कंपनीच्या यादीत भूतान असतंच. सहा रात्री-सात दिवस, थिंपू-पुनाखा-पारो, सोबत मराठी बोलणारा टूर लीडर, काही कंपन्यांकडे स्वतःचे आचारी आणि रात्री गरम पोळी-भाजी. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. पुण्यात जे पॅकेज या साच्यात विकलं जातं, त्याचं आहे.

परदेशी जाऊनही व्हिसा लागत नाही, रुपया चालतो, रस्ते बरे आहेत, दुकानदार हिंदीत बोलतो. या सोयी टूर कंपनीने केलेल्या नाहीत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला झालेल्या भारत-भूतान करारापासून जे संबंध जपले गेले, त्यांची ही फळं आहेत. पुणे जिल्ह्याच्या सुमारे अडीचपट क्षेत्रफळ आणि जेमतेम आठ लाख वस्ती असलेल्या देशाशी एवढी जवळीक ठेवून भारताच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न बुकिंग करताना कुणी विचारत नाही. विचारायला हवा, कारण उत्तर याच सहलीच्या रस्त्यावर जागोजागी दिसतं आणि बहुतेक टूर लीडर ते न सांगता पुढे जातात.

आधी कागदपत्रं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, या दोनच गोष्टी चालतात. आधार चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो. आपल्याकडे पुष्कळ मुलांची नोंद जन्मानंतर लगेच, नाव न घालता झालेली असते आणि दाखल्यावर फक्त आई-वडिलांची नावं असतात. तसा दाखला असेल तर निघण्याआधी महापालिकेतून नाव चढवून घ्या. मतदार ओळखपत्र आणि विमानाचं तिकीट यांवरच्या नावांत फरक असेल, तर तोही आधीच दुरुस्त करायचा.

दुसरा मुद्दा शुल्काचा. भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये एसडीएफ, म्हणजे शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. दोन मोठी माणसं, एक दहा वर्षांचं आणि एक चार वर्षांचं मूल असेल, तर सहा रात्रींचे १८,००० रुपये होतात. स्वस्त दिसणाऱ्या पॅकेजमध्ये ही रक्कम बऱ्याचदा धरलेली नसते आणि खाली बारीक अक्षरांत ‘एसडीएफ वेगळे’ असं छापलेलं असतं. दोन कंपन्यांचे दर पडताळताना हे १८,००० दोन्हीकडे सारखे धरा. पारोजवळ कड्यावर असलेल्या तक्त्संग मठाचं प्रवेश शुल्क आणि गाइडचा खर्च यांचंही तेच.

या शुल्काबद्दल पुण्यात कुरकुर ऐकू येते: एवढे मित्र, मग आपल्याला फुकट का नाही? २०२० पर्यंत फुकटच होतं. २०१८ मध्ये भूतानला सुमारे पावणेतीन लाख पर्यटक आले, त्यांतले जवळपास १ लाख ९० हजार भारतीय होते. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांश पाहुणे एका वर्षात. अरुंद रस्ते, मोजकी हॉटेलं, कचरा टाकायला जागा नाही. त्यांनी कायदा करून शुल्क बसवलं आणि भारताने त्यावरून वाद घातला नाही, ते योग्यच झालं. इतर देशांच्या पर्यटकांना सध्या रात्रीला १०० डॉलर भरावे लागतात, हेही ध्यानात असावं.

आता मार्ग. पुण्याहून दोन पर्याय आहेत: कोलकाता किंवा दिल्लीहून थेट पारोचं विमान, किंवा सिलिगुडीजवळच्या बागडोगऱ्याला उतरून रस्त्याने जयगाव-फुंत्शोलिंग, म्हणजे सरहद्दीच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव. पॅकेज निवडताना जाताना रस्ता आणि येताना विमान, असं मिळत असेल तर दोन हजार जास्त पडले तरी तेच घ्यावं. बागडोगऱ्याहून जयगाव साधारण १५० किलोमीटर, चार तास. रात्री फुंत्शोलिंगला मुक्काम, सकाळी परमिटचं काम उरकून थिंपूकडे, पुन्हा तेवढंच अंतर आणि घाटामुळे पाच तास. गाडी सरहद्दीवर बदलून भूतानच्या नंबरप्लेटची घेणारी कंपनी बरी. भारतीय गाडी आत नेली की दिवसाला वेगळं शुल्क लागतं आणि ते शेवटी तुमच्याच खिशातून जातं.

हा रस्ता नीट बघावा. सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने १९६१ पासून तो बांधायला घेतला. त्याआधी दिल्लीहून भूतानला जायचं म्हणजे काय दिव्य होतं, ते नेहरूंच्या १९५८ च्या दौऱ्यावरून कळतं: सिक्कीममार्गे नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि पायी. पुढच्या काही वर्षांत तिबेटची ती वाट बंदच झाली. भूतानने तोंड दक्षिणेकडे वळवलं आणि भारताने रस्ता दिला. पिवळ्या पाट्यांवरची दंतकची सुभाषितं वाचून हसणारे पर्यटक पुष्कळ असतात, पण हा रस्ता कुठल्या साली आणि का झाला, ते सांगणारा टूर लीडर क्वचित भेटतो.

याच वाटेवर वांगछू नदीच्या काठाने जाताना चुखा लागतं. ३३६ मेगावॅटचा हा जलविद्युत प्रकल्प भारताने बांधून दिला: ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के. भूतानला लागेल तेवढी वीज भूतान वापरतो, उरलेली भारत विकत घेतो आणि त्या पैशातून कर्ज फिटतं. त्याच धर्तीवर १,०२० मेगावॅटचा ताला झाला. दोघांचाही फायदा झाला, यात शंका नाही. भूतानच्या तिजोरीला पैसा मिळाला आणि पूर्व भारताला पावसाळ्यात, म्हणजे नद्या भरून वाहतात तेव्हा, धूर न सोडणारी वीज मिळाली. हिवाळ्यात पाणी आटलं की उलट होतं आणि भूतान आपल्याकडून वीज घेतो.

पण नंतर अटी बदलल्या. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ७२० मेगावॅटच्या मांगदेछूला ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज, तेही १० टक्के व्याजाने. युनिटचा दर ठरला ४.१२ रुपये. पुनाखाला मुक्काम असेल तर वांगदीच्या खालच्या अंगाला १,२०० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-१ ची जागा आहे. काम २००८ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये धरणाच्या उजव्या काठाचा डोंगर सरकायला लागला. भूगर्भाचा अंदाज चुकला, खर्च फुगला, आणि बांधकामाच्या काळातलं व्याज कर्जातच मिसळत गेलं. शेजारचा १,०२० मेगावॅटचा पुनात्सांगछू-२ पूर्ण व्हायला २०२५ उजाडलं. भूतानच्या परकीय कर्जात सगळ्यात मोठा वाटा या जलविद्युत प्रकल्पांचा आहे आणि सावकार आपण आहोत. दहा टक्क्यांनी कर्ज द्यायचं आणि वर मदत केली म्हणायचं, हे भूतानमधल्या तरुणांना खटकतं. आमच्या मते त्यांचं खटकणं रास्त आहे.

सहलीतलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण मात्र दोचुला. थिंपूहून पुनाखाला जाताना सुमारे ३,१०० मीटरवरची ही खिंड, आणि तिथे टेकडीवर गोलाकार मांडलेले १०८ चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप. पॅकेजमध्ये याला ‘फोटो स्टॉप, २० मिनिटे’ एवढीच जागा असते. हे चोर्तेन कशासाठी उभारले? डिसेंबर २००३ मध्ये उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे दक्षिण भूतानच्या जंगलातले तळ भूतानच्या सैन्याने उद्ध्वस्त केले. या लोकांचं युद्ध भारताशी होतं, भूतानशी नव्हतं. काही हजारांचं सैन्य असलेल्या देशाचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः मोहिमेवर गेले. त्यात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ हे स्मारक आहे.

लहान देशाशी मैत्री करून राष्ट्रहित साधतं का, असं विचारणाऱ्याला दोचुलाला न्यावं. आसाममधली कारवाई वर्षानुवर्षं अडखळत होती, कारण बंडखोर सीमा ओलांडून पलीकडे बसायचे. तो आसरा भूतानने स्वतःची माणसं गमावून बंद केला. कुठल्याही खरेदीने हे मिळत नसतं. २०१९ मध्ये एका भारतीय पर्यटकाने यातल्याच एका चोर्तेनवर शिडी लावून चढून फोटो काढला, तेव्हा भूतानमध्ये का संतापाची लाट उठली, ते यावरून समजावं. कंपनीने इथे वीस मिनिटांऐवजी एक तास द्यायला हवा आणि बसमधून उतरण्याआधी हे सगळं सांगायला हवं.

पारोहून चेलेला खिंडीचा (जवळजवळ ४,००० मीटर) फाटा घेतला की पलीकडे ‘हा’ नावाचं खोरं. काही कंपन्या इथवर नेतात. १९६० च्या दशकापासून भूतानी सैन्याला प्रशिक्षण देणारं भारतीय पथक इथे आहे. त्यांचे कॅडेट आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतही शिकतात. ‘हा’ खोऱ्याच्या पश्चिमेला डोकलाम, भूतान आणि चीन दोघांचाही दावा असलेलं पठार. जून २०१७ मध्ये चीनने तिथे रस्ता पुढे रेटायला सुरुवात केली, भारतीय जवान आडवे उभे राहिले आणि ७३ दिवसांनी दोन्ही बाजू मागे हटल्या. डोकलामच्या दक्षिण टोकावरून सिलिगुडीची चिंचोळी पट्टी आवाक्यात येते. अगदी अरुंद जागी ती सुमारे २२ किलोमीटर आहे आणि ईशान्य भारताचे सगळे रूळ, रस्ते, तेलवाहिन्या तिच्यातून जातात. चीनने १९९० च्या दशकात भूतानपुढे अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला होता: उत्तरेकडच्या ४९५ चौरस किलोमीटरवरचा दावा सोडतो, पश्चिमेकडची २६९ चौरस किलोमीटर आम्हाला द्या. आकड्यांत बघितलं तर भूतानचा फायदा होता. त्यांनी तो सौदा आजवर केलेला नाही.

याची किंमत किती? २०२४ ते २०२९ या पाच वर्षांसाठी भारताने भूतानला १०,००० कोटी रुपये देऊ केले आहेत. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ११,४२० कोटी होता. एका शहराच्या दोन मार्गिकांपेक्षा कमी पैशात अख्ख्या उत्तर-पूर्व सीमेचा एक पंख सुरक्षित राहतो. हा व्यवहार महाग म्हणणं कठीण आहे.

तरी तो आपोआप टिकणारा नाही. २०१२ मध्ये भूतानचे पंतप्रधान रिओला चीनच्या पंतप्रधानांना भेटले. २०१३ च्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर भारताकडून मिळणारं गॅस आणि केरोसिनचं अनुदान बंद झालं. थिंपूत सिलिंडरसाठी रांगा लागल्या. निवडणुकीनंतर अनुदान परत आलं, पण लोकांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. २०१६ च्या नोटाबंदीत भूतानमधल्या घराघरांत ठेवलेल्या आपल्या ५०० आणि १,००० च्या नोटाही अडकल्या. आणि पुण्याशी थेट जोडलेलं उदाहरण लशीचं. सीरममध्ये तयार झालेल्या कोविशिल्डचे दीड लाख डोस २० जानेवारी २०२१ ला भूतानला पोचले, मार्चमध्ये आणखी चार लाख. २७ मार्चला त्यांनी लसीकरण सुरू केलं आणि दोन-अडीच आठवड्यांत ९० टक्क्यांहून जास्त पात्र प्रौढांना पहिला डोस दिला. मग आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात थांबली आणि भूतानचा दुसरा डोस लोंबकळला. जुलैत तो दिला गेला, तो मुख्यतः अमेरिकेकडून आलेल्या मॉडर्नाच्या पाच लाख डोसांतून आणि डेन्मार्कच्या अॅस्ट्राझेनेकातून. इथे आपली माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत होती, त्यामुळे दोष द्यावा असं ते नव्हतं. पण एकाच देशावर विसंबून राहण्यात धोका असतो, हा धडा भूतानने घेतला असेल तर तेही समजून घ्यायला हवं. २००७ च्या नव्या करारात ‘परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानू’ हे कलम गेलं आणि एकमेकांच्या सुरक्षेला बाधा येईल असा आपल्या भूमीचा वापर होऊ द्यायचा नाही, हे आलं. हा बदल भारताच्या हिताचाच आहे, कारण मनाविरुद्ध बांधून ठेवलेला शेजारी पहिली संधी मिळताच दोर कापतो.

आता पुन्हा पॅकेजकडे. दिवसांचा क्रम थिंपू, पुनाखा, शेवटी पारो असाच हवा, म्हणजे तक्त्संगच्या चढाईआधी शरीराला उंचीची सवय होते. चढ सिंहगडाच्या पायवाटेइतकाच आहे, पण ३,१२० मीटरवर जायचं असल्याने दम दुप्पट लागतो. वर जायला अडीच-तीन तास धरा. खेचरं निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जातात. गुडघे दुखणाऱ्यांना हे आधी सांगत नाहीत आणि मग ती माणसं अर्ध्यावर बसून राहतात. झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठांत, पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात, हाफ पँटवाल्यांना दारातून परत फिरवतात. यूपीआयचा क्यूआर २०२१ पासून चालतो, तरी छोट्या दुकानांसाठी शंभराच्या नोटा ठेवा. भूतानचं चलन न्गुलत्रुम रुपयाच्या बरोबरीचं आहे, पण जयगावच्या पुढे ते कुणी घेत नाही. उरलेलं सरहद्दीच्या आतच संपवायचं. रोज पोळी-भाजीच देणाऱ्या पॅकेजमध्ये निदान एक जेवण स्थानिक मागून घ्या: लाल भात आणि एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. तिखटाला कोल्हापूरकरही नावं ठेवणार नाहीत.

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चांगले महिने. जून ते सप्टेंबर फुंत्शोलिंगच्या रस्त्यावर दरडी येतात. पारोला वैमानिक डोळ्यांनी डोंगर बघत विमान उतरवतो, त्यामुळे उड्डाणं फक्त दिवसा आणि ढग आले की रद्द. बुकिंग करताना कंपनीकडून लेखी घ्या: पारोचं विमान रद्द झालं तर त्या रात्रीचं हॉटेल, एसडीएफ आणि पुण्याचं पुढचं चुकलेलं तिकीट, यांतलं कोण काय भरणार. परतीच्या दिवशी पारो आणि पुणे ही दोन्ही उड्डाणं एकाच दिवशी ठेवणारं पॅकेज, किंमत कितीही कमी असली तरी, घेऊ नका.